आकाशाचें छायाचित्र काढणारा बार्नार्ड

मोठीं कामें मोठ्या साधनांवांचून होत नाहींत, असा पुष्कळांचा समज असतो. साधन हातीं नसलें म्हणजे काम टाळण्यास सबब मिळते, आणि साधन हातीं आलें म्हणजे काम आपोआप होईल असा भ्रम उत्पन्न होतो. हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींना ताऱ्यांचीं व आकाशगंगेचीं छायाचित्रें काढण्याची हौस लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु तिचा आरंभ बहुधा किंमतींच्या चौकशीनें होतो, आणि घरीं वडिलांपुढें पहिला प्रश्न येतो तो हाच कीं, सर्वांत मोठी दुर्बीण केवढ्याला मिळते. अशा वेळीं, या कलेचा पाया घालणाऱ्यांत ज्याचें स्थान फार वरचें आहे अशा एका पुरुषाचें चरित्र मुलांनीं व पालकांनीं वाचावें असें आम्हांस वाटतें. त्याचें नांव एडवर्ड एमर्सन बार्नार्ड.

एडवर्डचा जन्म अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत नॅशव्हिल शहरीं १६ डिसेंबर १८५७ रोजीं झाला. त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. आई मेणाचीं फुलें करून विकी व त्यांवर आपल्या दोन मुलांचें पोट भरी. एडवर्ड चार वर्षांचाहि झाला नव्हता तों देशांत यादवी युद्ध पेटलें, आणि आधींच गरीब असलेल्या त्या घरांत दारिद्र्याची परमावधि झाली. शाळेंत जाण्याचा योग त्या मुलाला सगळा मिळून सुमारें दोन महिने आला. लिहिणें-वाचणें जें कांहीं आलें तें आईनें घरीं शिकविलें म्हणून आलें.

युद्ध संपल्यावर, वयाचीं नऊ वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, आईनें त्याला गांवांतील एका फोटोग्राफरच्या दुकानांत कामास लाविलें. तें काम मोठें विलक्षण होतें. त्या काळीं विजेचे दिवे नव्हते. लहान छायाचित्र मोठें करावयाचें तर सूर्याचाच प्रकाश घ्यावा लागे. त्यासाठीं दुकानाच्या छपरावर एक प्रचंड कॅमेरा बसविला होता, व त्याला गुरु ग्रहाचें नांव दिलेलें होतें. सूर्य जसजसा सरके तसतसा हा कॅमेरा चाकें फिरवून त्याच्याकडे रोखून धरावा लागे. क्षणभर दुर्लक्ष झालें कीं चित्र बिघडलें. एडवर्डच्या आधीं ज्या मुलांना हें काम दिलें होतें त्यांना उन्हांत उभ्या उभ्या डुलक्या येत. एडवर्डला आली नाहीं. तासन्‌तास सूर्यावर नजर ठेवून तो चाकें फिरवीत राही. आकाशांतील तेज सरकत जातें व आपण त्याच्या मागोमाग हळूहळू, न थांबतां, न चुकतां जावयाचें असतें, हा धडा त्याला नवव्या वर्षीं मिळाला. पुढें जें काम करून तो जगप्रसिद्ध झाला तें काम मुळांत हेंच होतें. फक्त सूर्याच्या जागीं तारा आला.

त्या दुकानांत तो सुमारें सतरा वर्षें राहिला. भिंगें कशीं बसवावीं, काचेवर रासायनिक लेप कसा द्यावा, चित्र धुवून कसें काढावें, हें सर्व तो तेथें शिकला. रात्रीं काम आटोपून पायीं घरीं जातांना तो आकाशांतील तारे न्याहाळी. मात्र त्यांचीं नांवें त्याला ठाऊक नव्हतीं. १८७६ सालीं एका ओळखीच्या इसमानें त्याच्यापाशीं दोन डॉलर उसने मागितले व तारण म्हणून एक पुस्तक ठेविलें. दोन डॉलर म्हणजे त्या गरीब तरुणाला लहान रक्कम नव्हती, आणि ती कधीं परत आली नाहीं. परंतु तें पुस्तक थॉमस डिक नांवाच्या स्कॉच धर्मोपदेशकानें लिहिलेलें ज्योतिषविषयक पुस्तक होतें व त्यांत ताऱ्यांचे नकाशे होते. ते नकाशे घेऊन तो खिडकीशीं गेला, आणि ज्यांना तो लहानपणापासून नुसत्या चेहऱ्यांनीं ओळखीत होता त्या अभिजित्, श्रवण, हंस इत्यादि ताऱ्यांचीं नांवें त्याला कळलीं.

त्याच सुमारास दुकानांतील ब्रेड नांवाच्या एका सहकाऱ्याच्या मदतीनें त्यानें एका मोडक्या दुर्बिणीचें भिंग नळींत बसवून आपली पहिली दुर्बीण तयार केली. तिच्यांतून दिसेल तेवढें पाहून झाल्यावर, म्हणजे त्या साधनाची सीमा कळल्यावर, मग त्यानें पांच इंच भिंगाची चांगली दुर्बीण विकत घेतली. तिची किंमत ३८० डॉलर होती. त्याच्या वर्षाच्या कमाईचा सुमारें दोन-तृतीयांश भाग तिच्यांत गेला. हा खर्च त्याला झेपण्यासारखा नव्हता असें कोणी म्हणेल. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यानें दुर्बीण घेऊन मग आकाश ओळखलें नाहीं. आकाश ओळखून मग दुर्बीण घेतली.

१८७७ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांची परिषद नॅशव्हिल येथें भरली. सायमन न्यूकम हे त्या काळचे थोर ज्योतिर्विद तिला आले होते. एकोणीस वर्षांचा बार्नार्ड मोठ्या आशेनें त्यांना भेटला, व आपल्यासारख्यानें काय काम करावें असें त्यानें त्यांना विचारिलें. गणित येत नाहीं असें ऐकल्यावर, गणितावांचून दुर्बिणीचा फारसा उपयोग नाहीं, निदान धूमकेतु शोधीत बसावें, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. तरुणाच्या डोळ्यांस पाणी आलें. तथापि त्यानें दोन गोष्टी केल्या. गणित शिकण्यास एक शिक्षक ठेविला, आणि धूमकेतु शोधण्यास आरंभ केला.

१८८१ च्या जानेवारींत त्यांनीं रोडा कॅल्व्हर्ट या बाईंशीं विवाह केला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांना एक नवा धूमकेतु सांपडला. वॉर्नर नांवाचा एक धनिक त्या काळीं नव्या धूमकेतूच्या शोधास २०० डॉलरांचें बक्षीस देत असे. त्या पैशांतून बार्नार्डनीं घर बांधावयास घेतलें, आणि कर्जाचा हप्ता जवळ आला कीं पुष्कळ वेळां एखादा धूमकेतु त्यांच्या दुर्बिणींत येई. लोक त्या घराला धूमकेतूंचें घर म्हणूं लागले. या कामाची कीर्ति ऐकून नॅशव्हिल येथील व्हँडर्बिल्ट विद्यापीठानें १८८३ सालीं त्यांना शिष्यवृत्ति व वेधशाळेचें काम दिलें. ज्याला शाळा दोन महिने लाभली तो पंचविसाव्या वर्षीं विद्यापीठांत गणित व भाषा शिकूं लागला.

पुढें कॅलिफोर्नियांत हॅमिल्टन पर्वतावर, सुमारें ४,२०० फूट उंचीवर, लिक वेधशाळा बांधण्यांत आली. तेथील दुर्बिणीचें भिंग ३६ इंच व्यासाचें होतें, आणि त्या वेळीं जगांत तेवढी मोठी भिंगाची दुर्बीण दुसरी नव्हती. १८८८ सालीं वेधशाळा सुरू झाली तेव्हां बार्नार्ड तिच्या ज्योतिर्विदांपैकीं एक होते. परंतु मोठी दुर्बीण वडील ज्योतिर्विदांकडे होती. बार्नार्डना लहान दुर्बिणीवर काम करावें लागे. पुष्कळ विनवण्या केल्यावर १८९२ सालीं त्यांना आठवड्यांतून एक रात्र मोठी दुर्बीण मिळूं लागली, आणि ९ सप्टेंबरच्या रात्रीं त्यांनीं तिच्यांतून गुरूचा पांचवा उपग्रह शोधून काढिला. पहिले चार गॅलिलिओनें १६१० सालीं पाहिले होते; त्यानंतर २८२ वर्षांनीं हा पांचवा दिसला. या एका शोधानें त्यांचें नांव सर्व जगांत झालें.

तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचें खरें मोठेपण दुसरीकडे आहे. मोठी दुर्बीण हातीं नव्हती त्या दिवसांत वेधशाळेंत एक जुनें भिंग आलें होतें. सुमारें सहा इंच व्यासाचें हें भिंग विलर्ड या नांवानें प्रसिद्ध आहे. तें आकाशासाठीं केलेलें नव्हतेंच. माणसांच्या तसबिरी काढण्यासाठीं फार पूर्वीं तयार केलेलें, सॅन फ्रान्सिस्को येथील एका फोटोग्राफरकडून जुन्या बाजारभावानें घेतलेलें असें तें भिंग होतें. बार्नार्डचें सारें बालपण अशाच भिंगांच्या संगतींत गेलें होतें. त्यांनीं तें एका लाकडी पेटींत बसवून एका लहान दुर्बिणीच्या बैठकीवर बांधलें, आणि १८८९ च्या उन्हाळ्यांत धनु राशींतील आकाशगंगेकडे रोखलें.

हें भिंग ३६ इंची दुर्बिणीपेक्षां या कामाला अधिक योग्य कां, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. भिंगापासून जेथें प्रतिमा उमटते तेथपर्यंतच्या अंतराला नाभ्यंतर म्हणतात. विलर्ड भिंगाचें नाभ्यंतर सुमारें ३१ इंच, म्हणजे त्याच्या व्यासाच्या सुमारें पांचपट होतें. मोठ्या दुर्बिणीचें नाभ्यंतर सुमारें ५८ फूट, म्हणजे तिच्या व्यासाच्या एकोणीसपट होतें. नाभ्यंतर जितकें लांब तितकी प्रतिमा मोठी; परंतु मोठ्या प्रतिमेवर तोच प्रकाश पसरून विरळ होतो. आकाशगंगेसारख्या पसरट व मंद तेजाचा विचार केला तर लहान भिंगाची प्रतिमा मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमेपेक्षां सुमारें तेरापट अधिक तेजस्वी पडते. शिवाय मोठ्या दुर्बिणींत आकाशाचा अगदीं लहानसा तुकडा मावतो, तर विलर्ड भिंगाच्या काचेवर चंद्राचीं वीस बिंबें एका ओळींत बसतील एवढें आकाश येई. गुरूच्या जवळचा चिमुकला उपग्रह पाहण्यास मोठी दुर्बीणच हवी होती. आकाशगंगेचें चित्र काढण्यास तसबिरीचें भिंगच हवें होतें. साधन मोठें कीं लहान हा प्रश्न नसून, तें कोणत्या कामाचें हा प्रश्न असतो.

परंतु केवळ भिंगानें चित्र होत नाहीं. पृथ्वी फिरते म्हणून सारें आकाश तासाला पंधरा अंश सरकत जातें. काच तीन-तीन, चार-चार तास उघडी ठेवावयाची, आणि तेवढ्या वेळांत तारा तिळभर सरकला तर बिंदूची रेघ व्हावयाची. म्हणून बार्नार्ड बाजूच्या लहान दुर्बिणींतून एका ताऱ्याकडे पाहत बसत. दुर्बिणींत एकमेकांस छेदणाऱ्या दोन बारीक तारा असत. त्यांच्या छेदावरून तारा हलला कीं हातानें बैठक किंचित् फिरवून त्याला पुन्हां जागेवर आणावयाचें. पर्वतावरील थंडींत, अंधारांत, डोळा न हलवितां हें तासन्‌तास करावयाचें. छपरावर उभा राहून सूर्यामागें चाकें फिरविणारा मुलगा तो हाच. त्या काचा धुतल्यावर जें दिसलें तें तोंवर कोणीं पाहिलें नव्हतें: ताऱ्यांचे मेघांसारखे ढीग, आणि त्यांच्यामधून गेलेले काळे ओघ व पोकळ्या. १८९२ च्या ऑक्टोबरांत अशाच एका काचेवर त्यांना एक अनोळखी रेघ आढळली. छायाचित्राच्या साह्यानें शोध लागलेला तो पहिला धूमकेतु होय. पुढें तो हरवला, व २००८ सालीं पुन्हां सांपडला.

१८९५ सालीं बार्नार्ड लिक वेधशाळा सोडून शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेसाठीं गेले. येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. लिक वेधशाळेचा आमच्या प्रांताशीं एक संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं तिचे ज्योतिर्विद कॅम्बेल हे सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन राहिले होते, व पुण्याचे प्रोफेसर नायगमवाला यांनींहि तेथूनच वेध घेतले.

यर्किस येथें ४० इंची दुर्बीण होती, आणि ती बार्नार्डना वापरावयास मिळे. तरी आकाशगंगेसाठीं त्यांना दहा इंची छायाचित्रणाचें भिंगच हवें होतें. कॅथरिन ब्रूस नांवाच्या एका उदार बाईंनीं त्यासाठीं ७,००० डॉलर दिले व १९०४ सालीं तें यंत्र उभें राहिलें. १९०५ सालीं तें विल्सन पर्वतावर नेऊन त्यांनीं तेथें कित्येक महिने चित्रें काढिलीं. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यांत पारा शून्याच्या पुष्कळ खालीं गेला तरी ते वेध टाळीत नसत.

चित्रांतील काळ्या जागा म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षें छळीत होता. आरंभीं त्यांना वाटे कीं तीं ताऱ्यांमधलीं रिकामीं भोकें आहेत. १९१३ सालच्या उन्हाळ्यांत एका चंद्रहीन रात्रीं धनु राशींतील तेजस्वी आकाशगंगेसमोरून लहान लहान ढग जातांना त्यांनीं पाहिले. ते ढग त्या तेजावर शाईच्या डागांसारखे काळे दिसत होते, आणि चित्रांतील काळ्या जागा तशाच दिसत. त्या जागा पोकळ नसून मागील ताऱ्यांना झांकणारे मेघ आहेत, या मताकडे ते अशा रीतीनें वळले. स्वतःच्या जुन्या समजुतीस सोडून देण्याचा संकोच त्यांना वाटला नाहीं. १९१९ सालीं त्यांनीं अशा १८२ काळ्या जागांची यादी प्रसिद्ध केली. आज आपणांस ठाऊक आहे कीं ते वायूचे व धुळीचे मेघ असून त्यांच्या पोटीं नवे तारे जन्म घेतात.

१९१६ सालीं त्यांनीं एका भागाचीं जुनीं-नवीं चित्रें ताडून पाहतां, भुजंगधारी तारकासमूहांतील एक मंद तारा फार वेगानें सरकत असल्याचें त्यांच्या ध्यानीं आलें. त्याची निजगति वर्षाला दहा विकलांहून कांहीं अधिक आहे. इतकी गति दुसऱ्या कोणत्याहि ताऱ्याची आढळलेली नाहीं. तो आपणांपासून सुमारें सहा प्रकाशवर्षें दूर आहे. त्याला बार्नार्डचा तारा म्हणतात, आणि त्याच्याभोंवतीं ग्रह फिरत असल्याचें २०२४ व २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. जुनी काच जपून ठेविली नसती तर हा शोध लागला नसता.

१९२१ सालीं त्यांची पत्नी वारली. ६ फेब्रुवारी १९२३ रोजीं बार्नार्डहि देवाघरीं गेले. आकाशगंगेच्या निवडक चित्रांचा त्यांचा संग्रह १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. उरलेलें काम त्यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट व वेधशाळेचे संचालक फ्रॉस्ट यांनीं पुरें केलें. त्या संग्रहाच्या ७०० प्रतींसाठीं कागदावर छापलेलीं पस्तीस हजारांहून अधिक चित्रें बार्नार्डनीं स्वतः एकेक करून तपासलीं होतीं.

आतां आमच्या विद्यार्थ्यांच्या हौसेकडे वळूं. या चरित्रावरून खरेदीचा जो क्रम निघतो तो आम्ही पालकांपुढें ठेवितों. प्रथम कांहींच विकत घेऊं नये. मुलानें दोन-तीन महिने नुसत्या डोळ्यांनीं आकाश ओळखावें. नंतर घरांत जो कॅमेरा असेल त्याला आंखूड नाभ्यंतराचें भिंग लावून तो मजबूत तिपाईवर बसवावा. तिपाई स्थिर असतां तारे रेघा न होतां किती सेकंद टिकतील याचा एक ढोबळ नियम आहे: ५०० या संख्येस भिंगाच्या मिलिमीटरांनीं भागावें. २० मिलिमीटरांच्या भिंगास २५ सेकंद, ५० ला १० सेकंद, आणि २०० ला केवळ अडीच सेकंद येतात. आजच्या सूक्ष्म कॅमेऱ्यांस याहून थोडा कमीच वेळ द्यावा. या एका हिशेबावरून कळेल कीं, लांब नाभ्यंतराची दुर्बीण नवशिक्याच्या हातीं कां फसते.

याहून अधिक वेळ प्रकाश घ्यावयाचा असेल तर आकाशाबरोबर फिरणारी बैठक घ्यावी. बार्नार्ड हातानें जें करीत तें हल्लीं एक लहान मोटर करते. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. मुंबई-पुण्याकडे तो क्षितिजापासून सुमारें १८ ते १९ अंश वर असतो. पैसा थोडा असेल तर त्याचा मोठा वाटा बैठकीवर खर्चावा, भिंगावर नव्हे. डळमळत्या बैठकीवर बसविलेली मोठी दुर्बीण चंद्राचें चित्र देईल, कारण चंद्र तेजस्वी असून क्षणाचें काम असतें. परंतु तेजोमेघ व आकाशगंगा ती देणार नाहीं. दुर्बीण सर्वांत शेवटीं घ्यावी, आणि तीहि लहान.

तालांतांच्या दृष्टांतांत धन्यानें प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें दिलें होतें, व हिशेब घेतला तो दिलेल्याचा. बार्नार्डना आरंभीं मिळालें तें एक चाक, मोडक्या दुर्बिणीचें भिंग व तारणाचें पुस्तक एवढेंच होतें.

मे महिन्याच्या सुटींत आमचे पुष्कळ विद्यार्थी आजोळीं जातात. तेथें शहराचा उजेड नसतो. अमावास्येच्या सुमारास मध्यरात्रीनंतर अंगणांत यावें, डोळ्यांना अंधाराची संवय होण्यास अर्धा तास द्यावा, आणि दक्षिणेकडे वृश्चिक व धनु या राशींमधून गेलेला पांढुरका पट्टा पाहावा. त्यांत काळे डाग दिसतील. ते बार्नार्डचे मेघ होत. ते नीट पाहून झाल्यावर कॅमेऱ्याचा विचार करावा.